रसाची आगाऊ ऑर्डर

उपोषण कधी सुटणार हे दुधना विद्यापीठात सर्वांत आधी कळलं ते गेटासमोरच्या ज्यूस सेंटरवाल्याला. सोमवारी सकाळी कुलगुरूंच्या कार्यालयातून शिपाई आला. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मोसंबीचा रस लागेल, पेले काचेचे हवेत, फोटो निघणार आहेत, असं सांगून ॲडव्हान्स देऊन गेला. तिथून हाकेच्या अंतरावर मांडवात बसलेल्या पोरापोरींना मात्र आपण शुक्रवारी उठणार आहोत याची काहीच कल्पना नव्हती. फीवाढ पूर्ण रद्द झाल्याशिवाय ते उठणार नव्हते. तसं त्यांच्या फ्लेक्सवर छापलंच होतं.

सरकारी विद्यापीठाची फी दर जूनला वाढते, हे लोकांनी उन्हाळ्यासारखं मान्य करून टाकलेलं आहे. यंदा ती एका उडीत दुपटीवर गेली. कारण विचारलं की उत्तर तयार होतं: अनुदान आटलं, आता विद्यापीठांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. पाय अर्थात विद्यार्थ्यांच्या आईबापांचे.

रेणुका मस्केला या वाढीचा स्वतःला काही चटका नव्हता. तिचं एम.एस्सी. पदार्थविज्ञान संपत आलं होतं. चटका होता तो तिच्या धाकट्या बहिणीला, पूर्वाला, जिचा पहिल्या वर्षाचा प्रवेश याच महिन्यात व्हायचा होता. मंठ्याला त्यांच्या आईची पिठाची गिरणी. आईनं हिशेब एका वाक्यात मिटवला होता: फी जुनी राहिली तर पूर्वा विद्यापीठात, नवी झाली तर गिरणीवर. यात रागही नव्हता आणि लोभही नव्हता. गिरणीत माणूस लागतच होता. म्हणून रेणुका मांडवात बसली होती आणि पूर्वा तिच्या शेजारी, विद्यापीठाची विद्यार्थिनी होण्याआधीच विद्यापीठाविरुद्ध.

उपोषण साखळी पद्धतीचं होतं. म्हणजे आज एक तुकडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी बसणार, उद्या दुसरी. कागदावर पाहिलं तर असं उपोषण कधी थकूच शकत नाही. पण प्रत्यक्षात कोणाची हजेरी कापली जात होती, कोणी संध्याकाळी घरपोच डिलिव्हरी करून खोलीचं भाडं काढत होता, कोणाचे वडील फोनवर ओरडत होते. तेव्हा तुकडी रोज बदलायची आणि तुकडीतली डझनभर माणसं मात्र तीच असायची.

त्यांच्यात पहिला नंबर फैजान तांबोळीचा. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या जमेच्या बाजूला त्याचा आवाज होता, आणि खर्चाच्या बाजूलाही तोच. नव्या विद्यापीठ कायद्यातलं एक कलम त्यानं शोधून काढलं होतं आणि दिवसातून अनेकदा तो ते ऐकवायचा. फीवाढीला मंजुरी देण्यासाठी व्यवस्थापन परिषद बसेल त्या दिवशी सनदशीर आंदोलन चालू असलं, तर परिषदेला आंदोलकांची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. नसलं, तर ठराव हात वर करून मंजूर. परिषदेची तारीख अजून जाहीर झाली नव्हती. आपण टिकायचं, एवढंच काम आहे, असं फैजान म्हणायचा. टिकणं हे काम सोपं आहे असं त्याला वाटत होतं, कारण तो एकवीस वर्षांचा होता.

परिषदेची तारीख का जाहीर होत नव्हती, याचं उत्तर रेणुका कमवा व शिका योजनेत जिथं काम करत होती, त्याच प्रयोगशाळेत होतं.

प्रयोगशाळा डॉ. अच्युत सरपोतदारांची. धातूंचा थकवा हा त्यांचा विषय. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुन्हापुन्हा वाकवत राहिलं की एका क्षणी अगदी हलक्या हातानंही तुटते. कारण प्रत्येक वाकण्यात आत एक बारीक भेग पुढे सरकत असते. बाहेरून काही दिसत नाही, पण भेग सरकताना माणसाच्या कानाला न कळणारा सूक्ष्म आवाज होतो. सरपोतदारांनी उभी हयात पुलांना असले कान लावण्यात घालवली होती. पूल कधी पडेल हे ते महिनोन्‌महिने आधी सांगायचे, आणि पूल पडायचा नाही, कारण तो वेळेत दुरुस्त व्हायचा. अशा माणसाचं नाव होत नाही. पडलेल्या पुलावर चौकशी करणाऱ्यांचं होतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की घोषणांनाही भेगा पडतात. एकजण ओरडतो ‘फीवाढ रद्द’, आणि बाकीचे ओरडतात ‘झालीच पाहिजे’. या दोहोंमध्ये एक फट असते. पहिल्या दिवशी ती जवळजवळ नसतेच, लोक वाक्य पुरं होण्याआधीच उत्तर देतात. पुढे ती वाढत जाते. आवाजाची पट्टी उतरते, ‘पाहिजे’तला शेवटचा सूर लवकर खाली बसतो, चहाला गेलेला माणूस परत येताना पाय ओढतो. जुन्या आंदोलनांची शेकडो चित्रणं यंत्राला शिकवल्यावर जो आलेख निघाला, तो पोलादाच्या आलेखावर ठेवला तर हुबेहूब बसला. फरक फक्त काळाच्या मापात. कुठलं आंदोलन कधी तुटेल हे त्या थकवामापीला अर्ध्या दिवसाच्या फरकानं सांगता येऊ लागलं. संशोधनाला निधी मिळाला, गेटावरच्या दिव्याच्या खांबावर सुरक्षेच्या नावाखाली यंत्र बसलं. विद्यार्थी त्याला ‘सरांचा कान’ म्हणायचे. त्या कानानं ऐकलेल्याचं पुढे काय होतं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. कुलगुरूंनी तेव्हापासून पोलीस बोलावणं सोडून दिलं. मांडवाला पंखे पुरवायला सुरुवात केली.

सोमवारी दुपारी सरपोतदारांनी रेणुकाला आलेख दाखवला तो निव्वळ मायेपोटी. तिचे डोळे सुजलेले त्यांना बघवले नाहीत.

“तू आता हॉस्टेलला जाऊन झोप,” ते म्हणाले. “शुक्रवारी नाहीतरी संपतंय.”

“काय संपतंय, सर?”

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. रेषा शुक्रवारपाशी येऊन जमिनीला टेकत होती. परिषद शनिवारी ठेवणार आहेत, हेही त्यांनी सांगून टाकलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. कुणाचं डोकं फुटत नाही, कुणावर केस होत नाही. पूर्वी या सगळ्यात पोरांची हाडं मोडायची, आता फक्त वाट बघावी लागते, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो खोटा होता असंही नाही.

“तुझ्या बहिणीचं काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“रेषा टेकली की ठरेल,” रेणुका म्हणाली.

तिनं हे मांडवात येऊन सांगितलं आणि तिथून खरी पडझड सुरू झाली. फैजाननं पहिला प्रश्न विचारला तो आलेखाबद्दल नव्हता. तू तिथं पगार घेतेस ना, असा होता. पगार नाही, कमवा व शिकाचे पैसे, असं रेणुकानं सांगितलं. त्यावर, मॅडम कमवायल्या आणि आम्ही शिकायलोय, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. काही लोक हसले. हसताना त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग थांबले, कारण हसण्यालाही उशीर झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मांडवात कोणी कोणाला माणूस म्हणून बघेना. डोळे कोणाचे मिटतायत, पाठ कोणाची टेकलीय, याची मोजदाद सुरू झाली. जांभई देणं म्हणजे फितुरी झाली. पूर्वा ही जन्मजात झोपाळू मुलगी, दुपारी मान टाकून झोपायची. तिला रेणुका स्वतः कोपरानं ढोसायला लागली. “ताई, मी तर अजून इथं शिकायलापण नाही लागले,” पूर्वा एकदा कळवळून म्हणाली, “आणि तू मला झोपू देईनास.”

फैजाननं ठरवलं की यंत्राला खोटं पाडायचं. घोषणा दुप्पट. कोणी घरी जायचं नाही, रात्रीही मांडवातच. ‘झालीच पाहिजे’ असं जोरात ध्वनिमुद्रित करून स्पीकरवरून वाजवायचाही प्रयोग झाला, पण यंत्रानं तो तास हिशेबातून वगळून टाकला. त्याला जिवंत गळा आणि स्पीकर यांतला फरक कळत होता. माणसांना तो कळायला थोडा वेळ लागला. स्पीकर ओरडत असताना मांडवातली निम्मी तोंडं नुसती हलत होती.

बुधवारी सकाळी ज्यूस सेंटरवर शिपाई पुन्हा आला. ऑर्डर शुक्रवारऐवजी गुरुवारची करायची होती.

ही बातमी पूर्वानं आणली. ती तिथं लिंबूपाणी प्यायला गेली होती, त्या दिवशी उपोषणाला तिची पाळी नव्हती. फैजान डोकं धरून बसला. जितकं जास्त लढावं तितका रस लवकर येत होता. त्याचा आवाज पार बसला होता, आणि खर्जात बोलणारा फैजान रेणुकाला पहिल्यांदाच आपल्या वयाचा वाटला.

“तार वाकवायचं थांबवलं तर काय होतं?” त्यानं विचारलं.

“काही नाही होत. भेग तशीच राहते. पोलादाला विश्रांती कळत नाही.”

हे वाक्य ती प्रयोगशाळेत अनेकदा बोलली होती. पाहुण्यांना यंत्र समजावून सांगताना बोलायचंच असायचं. आज बोलताना ती मधेच अडखळली. पूर्वा शेजारी आडवी झाली होती आणि आज तिला ढोसायचं रेणुकाच्या अंगात त्राण नव्हतं. बहिणीच्या झोपलेल्या तोंडाकडे बघताना तिला गिरणीचं दार आठवलं. दर मंगळवारी आई गिरणी बंद ठेवायची. त्या दिवशी जात्याच्या दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं त्यांचे झिजलेले दात पुन्हा उठवायचे. दारावर पाटी असायची आणि गिऱ्हाईक पाटी वाचून डबा घेऊन परत जायचं. गिरणी बुडाली असं कधी कोणी म्हटलं नाही.

“फैजान, जुन्या आंदोलनांपैकी कुठल्या आंदोलनानं सुट्टी घेतली होती?”

“आंदोलनाला कसली सुट्टी?”

“तेच म्हणतेय. कुणीच घेतली नाही. यंत्राला जे शिकवलं त्यात मांडव रिकामा झाला म्हणजे संपलं, एवढंच आहे. पोलादाला विश्रांती कळत नाही. आपण पोलाद कुठं आहोत?”

फैजानला ते पटलं नाही. उठलेला माणूस पुन्हा बसत नसतो, असं तो म्हणाला, आणि हे त्याचं म्हणणं आजवरच्या प्रत्येक आंदोलनानं खरं ठरवलेलं होतं. रेणुकालाही खात्री नव्हती. पण झोपेची गरज खात्रीपेक्षा मोठी होती. शेवटी कलम पुन्हा वाचल्यावर कायद्याच्या विद्यार्थ्याला मोह आवरेना. आंदोलन चालू असायला हवं, एवढंच त्यात होतं. आठवड्याचे सातही दिवस चालू असायला हवं, असं कुठंही नव्हतं. दुकान, बँक, न्यायालय, सगळ्यांना सुट्टी असते आणि ती चालूच असतात.

गुरुवारी सकाळी मांडवाच्या मधल्या खांबाला पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. ‘आज साप्ताहिक सुट्टी. उपोषण उद्या सकाळी नेहमीप्रमाणे सुरू राहील.’ खाली आयोजकांचं नाव आणि हसरा चेहरा, तो पूर्वानं काढलेला. मांडवात फक्त विद्यापीठाचे पंखे फिरत होते.

खांबावरच्या यंत्रानं शून्य नोंदवलं. चार वाजता कुलगुरू आले, सोबत पत्रकार, सोबत काचेचे पेले. रस घेणारं कोणी नव्हतं. कुलगुरूंनी पाटी मोठ्यानं वाचली, हसले, मुलांचा विनोद चांगला आहे म्हणाले, आणि फोटोग्राफरचा खोळंबा नको म्हणून स्वतःच एक पेला उचलून पाटीखाली उभे राहिले. पाटी सगळ्यांनी वाचली होती. विश्वास मात्र सगळ्यांनी आलेखावर ठेवला. आंदोलन संपल्याचं निवेदन निघालं आणि परिषदेची बैठक शनिवारऐवजी शुक्रवारी सकाळी अकराला बोलावली गेली. चांगलं काम लांबणीवर कशाला टाकायचं, असा त्यामागचा विचार.

सरपोतदार तेवढे अस्वस्थ होते. ते संध्याकाळी हॉस्टेलच्या व्हरांड्यात आले. रेणुका नुकतीच उठली होती आणि चहा पिऊन परत झोपायच्या बेतात होती.

“एकच विचारायचंय,” ते म्हणाले. “ती पाटी. सुट्टी आहे, की संपलं?”

ती काहीही सांगू शकली असती. त्यांनी चार वर्षं तिला शिकवलं होतं, मेसचं बिल थकलं तेव्हा न बोलता भरलं होतं, आणि तिची बहीण गिरणीवर जाणार की नाही हे आता तिच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

“सर, मी खूप थकलेय,” ती म्हणाली. “मला झोपायचंय.”

ते शंभर टक्के खरं होतं. सरपोतदारांनी मान हलवली. थकलेली माणसं नेहमी असंच म्हणतात आणि त्यानंतर परत येत नाहीत, हे त्यांना शेकडो चित्रणांतून माहीत होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते निघून गेले.

रेणुकाला झोप लागली नाही. पूर्वा शेजारी घोरत होती.

शुक्रवारी सकाळी दोघी मांडवात पोचल्या तेव्हा तिथं पंखे आणि एक कुत्रं होतं. रेणुका गादीवर बसली. ऊन चढू लागलं. हे म्हणजे फैजानचं म्हणणं खरं ठरलं, असं तिनं मनाशी कबूल करून टाकलं होतं, एवढ्यात रसायनशास्त्राच्या दोन मुली केस ओले ठेवून आल्या. मग डिलिव्हरीवाला आला, दाढी करून. मग चेहरे ओळखीचे नसलेले काहीजण आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, सुट्टी देणारं आंदोलन आहे असं कळलं, तेवढं झेपेल असं वाटलं. जुन्यांतले सगळे परतले नाहीत. काही गाव गाठूनच थांबले, तेवढ्यापुरतं फैजानचं म्हणणं खरं ठरलं. पण मांडव भरला.

फैजान सगळ्यांच्या शेवटी आला, गालावर उशीच्या सुरकुत्या घेऊन. गजर ऐकूच आला नाही, असं पुटपुटला. रेणुकाच्या शेजारी बसत म्हणाला, “कमवा व शिकाबद्दल मी जे बोललो ते...” आणि पुढचं बोलायच्या ऐवजी माइक तिच्याकडे सरकवला.

“फीवाढ रद्द,” रेणुका म्हणाली. ओरडलीही नाही.

तिचा शब्द पुरा व्हायच्या आत उत्तर आलं.

परिषदेनं सुनावणी नाकारायचा प्रयत्न केला. आंदोलन काल संपलं, निवेदन निघालंय, असं कुलसचिव म्हणाले. फैजाननं सकाळचं वर्तमानपत्र उघडून धरलं. पहिल्या पानावर कुलगुरू होते, हातात रस, डोक्यावर पाटी, आणि पाटीवरची अक्षरं वाचता येतील इतका फोटो चांगला होता. मग सुनावणी झाली. ती संध्याकाळपर्यंत चालली, सगळे सदस्य विद्यार्थीहितावर बोलले, आणि फीवाढ एक वर्ष पुढे ढकलून समिती नेमली गेली. रद्द नव्हे. फैजाननं माइकवर विजय जाहीर केला तेव्हा त्याचा आवाज विजयासारखा नव्हता, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मांडवाचे बांबू उतरवायला घेतले.

सोमवारी रेणुका प्रयोगशाळेतलं आपलं टेबल आवरायला गेली. सरपोतदार पडद्यासमोर बसले होते. आलेखाची रेषा जमिनीला टेकून पुन्हा वर उसळलेली होती.

“तू मला खोटं सांगितलं नाहीस,” ते म्हणाले. “तेच मला जास्त लागलं.”

कुलगुरूंनी त्यांना बोलावून घेतलं होतं, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नवीन काही सापडलेल्या शास्त्रज्ञाचा उत्साह होता, वयानं थोडा दमलेला.

“विश्रांतीनंतर भेग किती भरते, हे मोजायला हवं. माणसात भरते, पोलादात नाही. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तीन वर्षांची फेलोशिप मंजूर करून घेतोय. तुझ्यासाठी. तुझ्या बहिणीची फी, जुनी असो की नवी, त्यातून आरामात निघेल. पुढच्या वर्षी समितीचा अहवाल आला तरी तुला घोर नाही.”

रेणुकानं हिशेब केला. तिच्या आईनं केला असता तसाच. एका बाजूला पूर्वा तीन वर्षं निर्धास्त. दुसऱ्या बाजूला पुढच्या जूनमध्ये मांडवात बसलेले लोक, ज्यांच्या झोपेचासुद्धा आलेख निघालेला असेल. आणि त्या लोकांत पूर्वा असणार, हे उघडच होतं.

“मी नाही मोजलं तर?” तिनं विचारलं.

“दुसरं कोणीतरी मोजेल. तुझ्याइतकं चांगलं नाही मोजणार.”

“मग वाईटच मोजू द्या, सर.”

प्रयोगशाळेची किल्ली तिनं टेबलावर ठेवली. सरपोतदारांनी ती उचलली नाही, नकोही म्हणाले नाहीत. दारापर्यंत ती पोचल्यावर, शिफारसपत्र मी तरीही लिहीन, असं त्यांनी मागून सांगितलं. तिनं वळून हात जोडले.

पूर्वा प्रवेशाच्या रांगेत उभी होती. रांग गेटाबाहेर, दिव्याच्या खांबापर्यंत आली होती. जुन्या फीचे पैसे आईनं पाठवले होते आणि सोबत एकच निरोप, की पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. पूर्वानं ताईचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं नाही. त्याऐवजी तिनं तोंड उघडून एक लांबलचक जांभई द्यायला सुरुवात केली.

रेणुकाचा हात आपोआप तिच्या तोंडावर गेला आणि नजर खांबावर.

“काय गं ताई, इथंपण नाही का?”

रेणुकानं हात काढून घेतला. खांबावरचा लहानसा दिवा मिणमिणत होता.

“दे,” ती म्हणाली. “पुरी दे.”

आणि रांग पुढे सरकेपर्यंत तिला स्वतःलाही आली.